न फिटणारे आभार

जपानमधील ख्यातनाम मनोविकारतज्ज्ञ ताकेओ दोई तरुणपणी शिक्षणासाठी अमेरिकेत गेले होते. तेथील एका वरिष्ठांनी त्यांना काही साहाय्य केले. आभार मानावेत म्हणून दोई बोलू गेले आणि तोंडून इंग्रजीत क्षमायाचनेचे शब्द निघाले. वरिष्ठ गोंधळले. क्षमा कशाबद्दल, असे त्यांनी विचारले. पुढे १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमाए नो कोझो’ या आपल्या गाजलेल्या ग्रंथात दोईंनी हा प्रसंग नमूद केला आहे.

दोईंच्या मनात त्या वेळी ‘सुमिमासेन’ हा जपानी शब्द होता. चुकून धक्का लागला तर जपानी मनुष्य ‘सुमिमासेन’ म्हणतो. आणि आपली विसरलेली छत्री कोणी धावत येऊन हाती दिली, तरीही तो ‘सुमिमासेन’च म्हणतो. ‘सुमु’ म्हणजे संपणे, मिटणे. ‘सुमिमासेन’ हे त्याचे नकारार्थी रूप. मराठीत आपण ‘उपकार फिटत नाहीत’ म्हणतो, त्यातील ‘फिटत नाही’ एवढेच उचलले तर या शब्दाच्या अगदी जवळ जाता येते. माझी छत्री परत मिळाली हे खरे, पण त्यासाठी तुम्हांला वाट वाकडी करून यावे लागले. आनंद माझा आणि तसदी तुमची, हा हिशेब बरोबरीत सुटत नाही, हे त्या एका शब्दात मान्य केलेले असते. कार्यालयात किंवा ग्राहकापुढे याहूनही नम्र असे ‘ओसोरे इरिमासु’ म्हणतात. त्यातील ‘ओसोरे’ म्हणजे भय. तुमच्या कृपेने मी संकोचून गेलो, असा त्याचा भाव.

सर्वांना ठाऊक असलेला ‘आरिगातो’ मात्र वेगळ्या वाटेने आला आहे. ‘आरि’ म्हणजे असणे आणि ‘काताशि’ म्हणजे कठीण. जे असणे कठीण, ते ‘आरिगाताशि’. आपल्याकडे यासाठी ‘दुर्लभ’ हा नेमका शब्द आहे. मनुष्यजन्म दुर्लभ आहे, असे प्रवचनांतून ऐकत आलेल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटणार नाही. पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून हा शब्द आला, अशी एक समजूत आहे, ती चुकीची. पोर्तुगीज जपानला पोहोचले १५४३ साली, आणि सेइ शोनागोन ही राजदरबारातील विदुषी इ.स. १०००च्या सुमारास आपल्या ‘माकुरा नो सोशि’ या पुस्तकात याच शब्दाने दुर्मीळ गोष्टींची यादी करीत होती. त्या यादीत सासऱ्याने वाखाणलेला जावई आहे आणि सासूची लाडकी सूनही आहे! हजार वर्षे झाली, यादी फारशी जुनी झालेली नाही.

आभारालाही काळ असतो, हे मला जपानीमुळेच उमगले. काम चालू असताना ‘आरिगातो गोझाइमासु’. ते पार पडले की भूतकाळी ‘आरिगातो गोझाइमाशिता’. एवढ्यावर भागत नाही. पुढल्या भेटीत ‘त्या दिवशीबद्दल’ असे म्हणून पुन्हा आभार मानायचे. एकदाच मानून मोकळे होणे तेथे थोडे कोरडे दिसते. ओसाका-क्योतोकडील माणसे ‘ओओकिनि’ एवढेच म्हणतात. त्याचा अर्थ नुसता ‘फार’. पुढचे ‘आरिगातो’ गळून पडले आहे.

माझी भाची पुण्यात जपानी शिकते. मागील महिन्यात ती आमच्याकडे जेवली आणि पानावरून उठताना हात जोडून माझ्या आईला म्हणाली, ‘गोचिसोसामा देशिता.’ आईने अर्थ विचारला. भाचीने सांगितले, “आजी, ‘चिसो’ म्हणजे धावपळ. पाहुण्यासाठी जिन्नस जमवायला यजमानाला पळावे लागते ना, त्या पळण्याला मान देऊन जेवणारा असे म्हणतो. आणि यजमान म्हणतो, ‘ओसोमात्सुसामा’, म्हणजे साधेच होते हो.”

आपल्याकडे तृप्त मनाने ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतात, तो आशीर्वाद आहे, आणि सुंदर आहे. पण त्यात अन्नदात्याची दमणूक दिसत नाही. शिवाय अन्नदाता म्हणून आपण बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाकडे पाहतो. आमच्या घरी त्या आशीर्वादाचा धनी तीस वर्षे मीच होतो.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, मग हे मला काय सांगतेस? पळापळ तुझ्या मामीची. तिला सांग.”

भाची स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि पुन्हा हात जोडून तेच शब्द म्हणाली. तव्यावर पोळी होती. मागे वळून न पाहताच आतून उत्तर आले, “उठलीस कशाला? ही गरम पोळी घे आधी.”