नातवंडांसाठीं काय मागावें?

आंबागडच्या किल्ल्यापासून भंडाऱ्यापर्यंतच्या ह्या धानाच्या मुलखांत ख्रिस्ती घरें थोडीं. परंतु ज्या घरीं आजी किंवा आजोबा आहेत, तेथें रात्रीच्या कौटुंबिक उपासनेंत नातवंडांचीं नांवें एकामागून एक घेतलीं जातात. शिकावयास नागपुरास गेलेल्याचें नांव बहुधा पहिलें. हा रिवाज आम्हांस अत्यंत प्रिय आहे. तथापि त्या प्रार्थनेंत काय मागावें, ह्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं.

बहुधा मागणें असतें परीक्षेंतील यश, नोकरी व चांगलें स्थळ ह्यांचें. त्यांत गैर कांहीं नाहीं; रोजची भाकर मागावयास प्रभूनेंच शिकविलें. परंतु कधीं कधीं प्रार्थनेच्या आडून नातवाची कानउघाडणी चालते. ‘प्रभो, ह्याला अभ्यासाची बुद्धि दे,’ असें मोठ्यानें म्हणतांना बोलणें देवाशीं, रोख मात्र शेजारीं डोळे मिटून बसलेल्या पोराकडे! पोरास तें तत्काळ कळतें, व पुढें प्रार्थना त्यास छडीसारखी वाटूं लागते. हें नुकसान वडील मंडळींच्या ध्यानांतही येत नाहीं.

वृद्ध याकोबानें योसेफाच्या मुलांस आशीर्वाद दिला, तेव्हां उजवा हात थोरल्या मनश्शेच्या नव्हे, तर धाकट्या एफ्राइमाच्या मस्तकीं ठेविला. योसेफास तें रुचलें नाहीं. तो हात उचलून बदलूं लागला. म्हाताऱ्यानें ऐकलें नाहीं. मुलांविषयीं बापानें मनांत केलेली मांडणी देवाच्या मांडणीशीं जुळेलच असें नाहीं. हें बापापेक्षां आजास अधिक उमगावें. स्वतःच्या मुलांविषयीं बांधलेले बेत मोडतांना त्यानें पाहिलेले असतात.

आपल्या भाषेंतील उदाहरण टिळक घराण्याचें. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. त्यांनीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ १९१९ सालीं त्यांच्या निधनामुळें अपुरें राहिलें. लक्ष्मीबाईंनीं बहुतेक सारे अध्याय रचून तें पुढें नेलें. शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त ह्यांनीं जोडला, व ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. नातू अशोक ह्यांच्या वांट्यास निराळेंच काम आलें. त्यांनीं आजीच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या आत्मचरित्राचें संपादन केलें. आजोबांनीं नातवास कवि कर म्हणून मागितलें असतें, तर हें काम कोणी केलें असतें?

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच, कीं मुलाचें नांव घ्यावें, त्याच्या ठायीं सचोटी व धीर मागावा, आणि त्यानें कोण व्हावें हें देवावर सोपवावें. विद्यार्थ्यांनो, नाताळच्या सुटींत घरीं जाल तेव्हां, तुमच्या जन्माच्या रात्रीं आजीनें काय मागितलें होतें, तें तिला विचारा. तिला तें बहुधा स्मरत असेल.