सफाई फुकट, मजुरी रोख

रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत पेन ड्राइव्ह किती दारे फिरतो ते पाहा. रोलिंग मिलच्या धर्मकाट्यावरून वजनाच्या नोंदी घेऊन तो ऑफिसातल्या टॅलीच्या मशीनला लागतो, तिथून जीएसटीची कागदपत्रे घेऊन कर सल्लागाराकडे जातो, संध्याकाळी बिरगावातल्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी खोचला जातो आणि रात्री सुपरवायझरच्या घरी, मुलाचा प्रोजेक्ट उतरवायला. दुसऱ्या दिवशी उघडावा तर फायली गायब, आत नुसता एक शॉर्टकट. मग पेन ड्राइव्हचा मालक आपल्या संगणक दुरुस्तीच्या काउंटरवर येतो आणि आपल्या धंद्यातले ठरलेले उत्तर ऐकतो: "फॉरमॅट मारावे लागेल."

बहुतेक वेळा मारावे लागत नाही. शॉर्टकट व्हायरस फायली खात नाही, दडवतो. मूळ फोल्डरांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे शिक्के मारून तो त्यांना नजरेआड करतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. त्यावर क्लिक केले की फोल्डर उघडते आणि सोबत व्हायरसही चालू होतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला सगळे ठीक वाटते. अ‍ॅट्रिब कमांडने शिक्के पुसले की फायली दिसू लागतात. पण तेवढ्यावर थांबलो तर काम अर्धेच, कारण व्हायरस संगणकाच्या स्टार्टअपमध्ये किंवा टास्क शेड्युलरमध्ये ठाण मांडून असतो आणि पुढचा पेन ड्राइव्ह लागताच पुन्हा तेच. आधी मशीन साफ करायचे, मग पेन ड्राइव्ह. हा क्रम उलटा करणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

घरगुती तक्रारींतल्या कित्येक तर व्हायरसच्याही नसतात. 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले' अशी चौकट कोपऱ्यात उगवते, ती बहुधा कुठल्या तरी फुकट सिनेमाच्या साइटवर 'अलाउ' दाबल्यामुळे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची नोटिफिकेशनची परवानगी काढली की संपले. दोन मिनिटांच्या या कामासाठी संगणक दोन दिवस दुकानात ठेवून घेणे याला काय म्हणायचे, ते वाचकांनी ठरवावे.

हत्यारांना तर दमडी पडत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन आहेच. ते मशीन रीस्टार्ट करून, विंडोज पूर्ण उठण्याआधी तपासणी करते, म्हणून लपून बसलेलेही हाती लागते. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून दहा दिवसांत कालबाह्य होतो, तेव्हा वर्षभरापूर्वीची प्रत बाळगून उपयोग नाही. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झालेले केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या अखत्यारीत चालते. बॉटनेटमध्ये सापडलेल्या मशीनची खबर ते इंटरनेट कंपन्यांमार्फत ग्राहकापर्यंत पोचवते, आणि त्याच्या साइटवर सफाईची साधने मोफत मिळतात. ती देणाऱ्यांत पुण्याची क्विक हील आहे. मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, पुढे संगणकांकडे वळले. धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले आणि १९९० च्या दशकात त्यातून ही कंपनी उभी राहिली. दुरुस्तीच्या बेंचवर आलेल्या मशीनला नेमके काय झाले आहे, हे पाहण्याची चिकाटी त्यामागे होती. आपण मात्र न पाहताच फॉरमॅट मारतो.

एक बारीक गोष्ट. बाजारातली बरीच मोफत साधने फक्त घरगुती वापरासाठी मोफत असतात. मिलच्या ऑफिसातले मशीन हे कुणाचे घर नव्हे; तिथे परवान्याच्या अटी वाचूनच हात घाला.

साधन फुकट म्हणजे आपले कामही फुकट का? मुळीच नाही. नेट तोडणे, कामाच्या फायलींची प्रत काढणे, स्कॅन चालवून त्याचा अर्थ लावणे, स्टार्टअप, शेड्युलर, प्रॉक्सी आणि एक्स्टेन्शन हाताने तपासणे याला वेळ लागतो, डोके लागते. त्याचे पैसे ताठ मानेने मागावेत. लाज वाटायची ती मोफत साधन 'पेड अँटिव्हायरस' म्हणून विकण्याची.

आणि फॉरमॅटनंतर बिनदिक्कत चालवल्या जाणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरची. ब्रँडेड लॅपटॉपवर विंडोज मुळात आलेली असेल तर तिची की अलीकडच्या मशीनमध्ये मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेली तीच आवृत्ती टाकली की नेट जोडल्यावर ती आपणहून अ‍ॅक्टिव्हेट होते. गिऱ्हाइकाने पैसे मोजून घेतलेली अस्सल विंडोज पुसून त्यावर चोरीची बसवायची, हा कुठला न्याय? असल्या क्रॅकमधूनच 'स्टॉप' नावाचे रॅन्समवेअर घराघरांत शिरले. एम्सिसॉफ्टने २०१९ मध्ये त्यावर मोफत डिक्रिप्टर काढले, पण सगळ्या फायली त्याने उघडत नाहीत. असे मशीन आले तर कुलूपबंद फायलींची प्रत काढून ठेवल्याशिवाय काहीही पुसू नका. आज न उघडणारी फाइल उद्या उघडू शकते.

फॉरमॅट खरोखर लागते ती वेळही असते. सॅलिटीसारखा व्हायरस प्रत्येक प्रोग्रामच्या फायलीत घुसतो. दुरून ताबा मिळवणारे किंवा पासवर्ड चोरणारे मालवेअर सापडले, तर स्कॅन स्वच्छ दाखवते म्हणून हमी देता येत नाही. तिथे कोरी विंडोजच हवी, आणि गिऱ्हाइकाला सांगायला हवे की बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून लगेच बदला. गेलेला पासवर्ड फॉरमॅटने परत येत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार आधी, दुरुस्ती नंतर.

या महिन्यापासून बिलावर दोन ओळी वेगळ्या लिहा: सॉफ्टवेअर शून्य रुपये, तपासणी आणि सफाईची मजुरी अमुक. आणि दिवसभर एका मशीनमधून दुसऱ्यात जाणारा आपलाच पेन ड्राइव्ह बदलून राइट-प्रोटेक्टचा खटका असलेला घ्या. गावात व्हायरस पसरवणाऱ्यांत आपले दुकान नसावे, याची सुरुवात तिथून करता येईल.