आक्काच्या घटस्फोटाचा कागद

"अण्णा, घटस्फोटाचा कागद परत मिळतोय काय हो?"

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारची आक्का दारातच हे विचारत उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि आईचा मृत्यूचा दाखला. मी तीसेक वर्षं वकिलांकडं कारकुनी केली. आता घरी बसलोय, पण गल्लीतल्या लोकांना ते मान्य नाही. कोर्टाचं काही निघालं की पाय आमच्याच घराकडं वळतात.

आक्काची गोष्ट तिच्याच परवानगीनं लिहितोय. नाव-गाव मात्र राहू दे. तिचं माहेर निपाणीजवळ वेदगंगेच्या काठावर. वडील टपाल खात्यात होते. लग्न मोडून ती माहेरी आली त्याला आता तीस वर्षं होत आली. वडील गेले, मग आईला फॅमिली पेन्शन मिळत होती, त्यावर दोघींचं चाललं. आई गेली आणि पेन्शन थांबली. केंद्र सरकारच्या नियमात २००४ पासून पंचवीस वर्षांवरच्या घटस्फोटित मुलीलाही फॅमिली पेन्शन मिळू शकते. अट अशी की ती आईवडिलांवर अवलंबून असली पाहिजे आणि घटस्फोट त्यांच्या हयातीत झालेला पाहिजे. २०१७ मध्ये थोडी ढिलाई दिली. आईवडील जिवंत असताना कोर्टात अर्ज दाखल झाला असेल आणि निकाल मागाहून लागला असेल, तरी चालतं. आपल्या भागात मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्यांची घरं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या लेकींनाही याच धर्तीचा नियम आहे, हे लक्षात असू द्या.

आक्काकडं पूर्वी निकालाची नक्कल होती. आईनं ती लोखंडी ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, घरात छातीएवढं पाणी शिरलं, आणि ट्रंक उघडली तेव्हा आत नुसता लगदा होता.

"कोर्ट कुठलं?" मी विचारलं.

"बाबा घिऊन गेलते. एस्टीनं. मोठी चिंच हुती दारात."

"नंबर? साल?"

"मला काय ठावं, अण्णा. सही कर म्हटलं, केली."

असंच असतं. आयुष्याची सगळ्यात मोठी सही जिथं केली, त्या जागेची खूण म्हणून चिंचेचं झाड तेवढं लक्षात राहतं.

आता तिच्यासाठी काय काय केलं ते सांगतो, कारण हीच वेळ आणखी कुणावर येईल.

पहिली खात्री करायची ती घटस्फोट खरंच कोर्टातून झाला होता का याची. आपल्याकडं शंभराच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहून, नोटरीचा शिक्का मारून, "झालं मोकळं" म्हणणारे अजून आहेत. त्या कागदानं हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलम २९ नं रूढीप्रमाणं होणारा घटस्फोट राखून ठेवलाय, हे खरं. म्हणून पंचांसमोरची काडीमोड काही जमातींत चालते, पण तशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं आणि त्याची नोंद कुठल्याही कोर्टात सापडत नाही. स्टॅम्पचा कागद घेऊन कोर्टात नक्कल मागायला आलेल्या दोन बायका मी माझ्या नोकरीत पाहिल्यात. त्यांना सांगताना जीभ जड व्हायची.

आक्काचं तसं नव्हतं. तारखांना गेलेली होती, जबाब दिलेला आठवत होता.

दुसरा प्रश्न कोर्टाचा, आणि तो आपल्या सीमाभागात खास किचकट आहे. कायद्याच्या कलम १९ प्रमाणं अर्ज करायला जागा अनेक. लग्न जिथं लागलं तिथं, समोरचा माणूस जिथं राहतो तिथं, नवराबायको शेवटचं एकत्र जिथं राहिले तिथं. २००३ पासून बायको अर्जदार असेल तर ती जिथं राहते तिथंही. आता बघा, मुलगी निपाणीची, लग्न लागलं गडहिंग्लजला, संसार कागलात, नवरा पुढं पुण्याला. म्हणजे दोन राज्यांतली तीन-चार कोर्टं. कर्नाटकातल्या कोर्टात हे प्रकरण एम.सी. या नावानं नोंदतात. महाराष्ट्रात दिवाणी कोर्टात हिंदू विवाह अर्ज म्हणून, तर कौटुंबिक न्यायालयात पी.ए. किंवा एफ या अक्षरांनी. एफ म्हणजे दोघांच्या संमतीचा. कुणी नुसता "एकशे बाराचा नंबर आहे" म्हणालं तर त्याच्या पुढचं अक्षर विचारा, कोर्ट निम्मं तिथंच कळतं.

त्यात तालुके बदललेले. निपाणी स्वतंत्र तालुका आता आता झाला, त्याआधी ती चिकोडी तालुक्यात. म्हणून निपाणीकडचं जुनं प्रकरण शोधताना चिकोडी वगळू नका. बेळगावात कौटुंबिक न्यायालय झाल्यावर त्याच्या हद्दीतली चालू प्रकरणं तिकडं वर्ग झाली, त्यामुळं एकाच प्रकरणाचे दोन नंबर असू शकतात. आणि फारच जुनं, आजीच्या वेळचं काही शोधत असाल तर १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख मनात ठेवा. त्या दिवशी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. चंदगडच्या माणसाचं त्याआधीचं प्रकरण असेल तर बेळगावचं दप्तर आधी विचारायचं. एक गोष्ट नव्या मंडळींना ठाऊक नसते. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीच झाला होता, देशाच्या कायद्याच्या आठ वर्षं आधी. त्यामुळं "आमच्या आजीच्या काळात कुठला घटस्फोट" असं ठामपणे म्हणू नये. सापडतो कधीकधी.

नंबर शोधायला आता ई-कोर्टची सोय आहे. मोबाइलवर राज्य, जिल्हा, कोर्ट निवडून पक्षकाराचं नाव आणि साल घातलं की यादी येते. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी सी.एन.आर. क्रमांक असतो, तो मिळाला तर पुढचं सोपं. पण जुन्या निकाली प्रकरणांची भरती सगळीकडं सारखी झालेली नाही, शिवाय नवराबायकोच्या वादातला निकाल तिथं बहुधा उघडतही नाही. तेही बरोबरच आहे. कलम २२ प्रमाणं ही प्रकरणं बंद दाराआड चालतात. उघडला तरी ती छापील प्रत पेन्शनच्या ऑफिसात चालत नाही, शिक्क्याचीच लागते.

आक्काचं नाव तिथं आलं नाही. मग जुन्या वाटा. वडिलांचे वकील वारले होते, पण त्यांच्या मुलानं डायऱ्या टाकल्या नव्हत्या. वकिलाची डायरी ही फार मोठी गोष्ट असते हो. रोजच्या तारखेखाली नंबर, पक्षकार, पुढची तारीख. चार डायऱ्या चाळल्या, आडनाव तीन ठिकाणी सापडलं. आमच्याकडं पाटलांची काय कमी! त्यातलं एक जुळल्यासारखं वाटलं. ते घेऊन एका तालुक्याच्या कोर्टात गेलो. कोर्टाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं पहिल्या खिडकीवरून दुसऱ्या आणि दुसऱ्यावरून तिसऱ्या असं करत शेवटी "असलं प्रकरणच नाही" हे उत्तर मिळालं.

इथं एक सांगतो. तोंडी "नाही" घेऊन घरी यायचं नाही. अर्ज द्यायचा आणि त्यावर लेखी शेरा मागायचा. आपल्याकडं त्याला एंडोर्समेंट म्हणतात, कन्नडमध्ये हिंबरह. लिहून द्यायचं म्हटलं की माणूस पुन्हा एकदा रजिस्टर उघडतो. माझा अनुभव आहे.

उघडलं, आणि चूक आमचीच निघाली. आम्ही सगळे नवऱ्याच्या नावानं शोधत होतो. अर्जदार तो, प्रतिवादी आक्का, असं धरूनच. गावात तीस वर्षं हेच बोललं गेलं होतं की तिला नवऱ्यानं टाकली. आक्काही तेच धरून चालली होती. रजिस्टरात पहिलं नाव आक्काचं होतं. माहेरच्या नावानं, वडिलांचं नाव मध्ये. प्रतिवादी नवरा.

मी ते दोनदा वाचलं. बाहेर बाकावर आक्का बसली होती, तिला लगेच सांगितलं नाही. म्हटलं, कागद हातात येऊ दे.

पुढचं काम सरळ आहे. नक्कल विभागात अर्ज द्यायचा. त्यात प्रकरणाचा नंबर, दोघांची नावं, निकालाची तारीख आणि नेमकं काय हवं ते लिहायचं. इथं लोक चुकतात. निकालपत्र वेगळं आणि हुकूमनामा, म्हणजे डिक्री, वेगळी. निकालपत्रात कारणं असतात, डिक्रीत नुसतं लग्न मोडल्याचं. दुसऱ्या लग्नाला आणि पेन्शनला डिक्री मागतात, पण मी दोन्ही काढा म्हणतो. अर्ज कधी दाखल झाला ते सिद्ध करायचं असेल तर मूळ अर्जाचीही नक्कल मागा. फाइलमधले सगळे कागद कायम ठेवत नाहीत, त्यामुळं जे आहे ते मिळतंय तोवर घ्यावं. कोर्ट फीचा स्टॅम्प आणि पानांप्रमाणं पैसे भरावे लागतात. लवकर हवी असेल तर जादा फी. निकाल लागतो तेव्हा पहिली प्रत मात्र दोघांनाही फुकट द्यावी, असं कलम २३ मध्येच लिहिलंय. ती बरेच जण नेतच नाहीत. निकालाच्या दिवशी कोर्टात थांबायची इच्छा कुणाला असते?

नक्कल पक्षकारालाच सहज मिळते. भाऊ, मुलगी किंवा होणारा जावई गेला तर कारण देऊन कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, नाहीतर पक्षकाराचं अधिकारपत्र लागतं. स्थळ बघताना "त्या मुलाचा खरंच घटस्फोट झालाय का" याची खात्री करायची असेल तर सरळ मुलाकडूनच नक्कल मागावी. द्यायला कांकू करत असेल तर तेच उत्तर समजा. माहितीच्या अधिकारातून घेऊ म्हणणारेही भेटतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय की कोर्टाच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच मागायच्या.

प्रकरण अपिलात गेलं असेल तर फाइल वर गेलेली असू शकते. आपल्याकडं २००८ पासून धारवाडला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे म्हणून निदान बेंगळुरूची वारी वाचते. कोल्हापूरकरांना ही सोय मिळायला ऑगस्ट २०२५ उजाडलं.

भाषेचं एक दुखणं आहे. निकाल इंग्रजीत असतो नाहीतर कन्नडमध्ये. मराठी माणसाच्या संसाराचा निकाल त्याला वाचता येत नाही, ही आपल्या भागाची जुनी रड आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहून झालंय. कामापुरते शब्द ठेवा: तीर्पु म्हणजे निकाल, अर्जीदार म्हणजे अर्जदार, दृढीकृत प्रति म्हणजे शिक्क्याची नक्कल. जुन्या कागदात बाईच्या नावापुढं "कोम" आलं तर त्यापुढचं नाव नवऱ्याचं. नाव शोधताना माहेरचं आणि सासरचं, दोन्ही धरून शोधा. आम्ही ते केलं असतं तर दोन खेपा वाचल्या असत्या.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी दोन ओळी. तिकडं घटस्फोट ज्या काउंटीच्या कोर्टात झाला तिथल्या क्लार्ककडूनच डिक्रीची शिक्क्याची प्रत घ्या. राज्याच्या आरोग्य खात्याचा नुसता दाखला इकडं पुरत नाही. त्यावर अपोस्टील करून घ्या. आणि जोडीदारानं तिकडच्या कोर्टात भागच घेतला नसेल तर ती डिक्री इकडं चालेलच असं नाही, १९९१ च्या नरसिंह राव खटल्यापासून हा नियम आहे. इकडं चांगला वकील गाठा, माझ्यासारखा कारकून नव्हे.

आक्काची नक्कल अकराव्या दिवशी हातात आली. निकाल इंग्रजीत होता. घरी बसून मी तिला मराठीत वाचून दाखवला. अर्जदार म्हणून तिचं नाव. क्रूरतेच्या कारणावरून विवाह रद्द. अर्ज मंजूर.

"म्हंजी मी सोडलं?" तिनं विचारलं.

"तू अर्ज केलास. कोर्टानं तुझं म्हणणं मान्य केलं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांनी कधी सांगितलं न्हाई."

निकालाच्या शेवटी साक्षीदारांची यादी असते. अर्जदारातर्फे साक्षीदार क्रमांक एक, ती स्वतः. क्रमांक दोन, तिचे वडील. ते नाव मी बोट ठेवून दाखवलं. इंग्रजी येत नसलं तरी वडिलांचं नाव तिला ओळखता आलं.

पेन्शनची फाइल आता गेलीय, उत्तर यायचंय. त्यासाठी नकलेच्या झेरॉक्स काढायला आम्ही चौकात गेलो. सगळ्या पानांचे दोन संच काढले. दुकानदार पैसे मोजत असताना आक्का म्हणाली, "ते शेवटचं पान तेवढं आणि एकदा काढ की रं. माझ्यासाठी."