घराचा पत्ता आणि घराचे नाव

पत्ता बदलला म्हणून नाव बदलत नाही. आपला बालाघाट जिल्हाच पाहा. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी त्याच्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवसापासून ती भोपाळ झाली. सरकारी कागदांची वाट बदलली, परंतु वैनगंगेकाठचे हे गाव बालाघाटच राहिले. ज्याला नावाने हाक मारता येते, ते हरवत नाही. हे साधे सत्य घरच्या संगणकाच्या बाबतीत मात्र आम्हांस थोडे उशिरा उमगले.

आमच्या घरी एका जुन्या संगणकावर आमच्या आजीच्या आवाजातील कोकणी गोष्टी जतन केलेल्या आहेत. समुद्राकाठी राहणाऱ्या आमच्या आत्याबाईंना त्या ऐकता याव्यात, म्हणून राउटरमधील एक पोर्ट, म्हणजे दार, आम्ही त्या संगणकाकडे वळविले आणि घरच्या जोडणीचा अंकांचा पत्ता त्यांना कळविला. दोन दिवस त्यांनी आपल्या आईचा आवाज डोळे पुसत ऐकला. तिसऱ्या रात्री येथे वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि पुरवठादाराकडून नवाच पत्ता मिळाला. सकाळी आत्याबाईंचा दूरध्वनी आला, "अरे, तुजें दार बंद जालां!" दार बंद झाले नव्हते, घरच जणू रात्रीतून दुसऱ्या गल्लीत गेले होते.

असे का व्हावे? इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून पुरवठादार घरगुती ग्राहकास बहुधा कायमचा पत्ता देत नाही, तात्पुरता देतो. यावर उपाय आहे तो नावाचा. अंकांऐवजी नावाने संगणक शोधण्याची डी.एन.एस. ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिच्या नोंदी चालू असतानाच बदलण्याचे नियम १९९७ मध्ये ठरले. 'डायनॅमिक डी.एन.एस.' म्हणजे हेच. राउटरमधील एक छोटा कार्यक्रम आपला पत्ता तपासत राहतो आणि तो बदलताच नाव सांभाळणाऱ्या सेवेला वर्दी देतो. भाडेकरूने बिऱ्हाड हलविताच पोस्टमनला कळवावे, तसाच हा प्रकार. आत्याबाईंनी केवळ नाव ध्यानात ठेवावे.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे. अनेक पुरवठादार एकच बाह्य पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात. राउटरमध्ये दिसणारा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या अंकांनी सुरू होत असेल, तर आपण अशाच सामाईक वाड्यात राहतो असे समजावे. तेथे नाव नोंदवून उपयोग नाही. पाहुणा वाड्याच्या दिंडीपाशीच अडतो. अशा वेळी पुरवठादाराकडे कायमचा पत्ता मागावा, किंवा नव्या, विपुल पत्त्यांच्या आय.पी.व्ही. ६ पद्धतीची सोय आहे काय, हे पाहावे.

परंतु आमच्या मते खरा प्रश्न पत्त्याचा नव्हे, कुलुपाचा आहे. आत्याबाईंसाठी उघडलेले ते दार दोन दिवस साऱ्या जगाला उघडे होते, हे ध्यानात येताच आम्ही ओशाळलो. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'मिराई' नावाच्या उपद्रवी कार्यक्रमाने घरोघरचे कॅमेरे व तत्सम यंत्रे वेठीस धरून 'डिन' या नामसेवेवर हल्ला चढविला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी स्थळे अनेकांना काही तास दिसेनाशी झाली. ती यंत्रे हाती लागली कशी? त्यांच्या मालकांनी कारखान्याने घातलेला परवलीचा शब्द बदललाच नव्हता! आणि डिन ही कंपनी मुळात डायनॅमिक डी.एन.एस.साठीच नावाजलेली होती. आपल्या आळसाची शिक्षा शेजाऱ्याला भोगावी लागते, ती अशी.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की कॅमेरा वा संगणक थेट बाहेर उघडू नये. व्ही.पी.एन.चे एकच दार ठेवावे, त्याची किल्ली केवळ घरच्या माणसांकडे असावी आणि परवलीचे शब्द पहिल्याच दिवशी बदलावेत.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? मोठ्या कंपन्यांच्या कोठारात सारे ठेवता येते. येते खरे, पण त्या कोठाराचे नियम आपण करीत नाही. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुले नागपूर-पुण्यास जातात आणि आईवडील येथे राहतात, अशी घरे आपल्या गावात पुष्कळ आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच घरात राहाव्यात आणि तरीही दूरच्या लेकरांच्या हाताशी असाव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही. शिवाय २०१४ पासून '.भारत' हे देवनागरी नामक्षेत्र उपलब्ध आहे. कोकणी व मराठी या दोन्ही भाषा त्यात आहेत. घराला आपल्या लिपीत नाव देण्याची ही संधी आहे.

आमच्या घराला आता नाव आहे, कुलूपही आहे. परवा पुन्हा वीज गेली, पत्ता बदलला. आत्याबाईंना त्याची वार्ताही नव्हती. त्या आजीची गोष्ट ऐकत होत्या. विद्यार्थिमित्रांनो, दार कसे उघडावे हे तुम्ही आमच्याआधी शिकाल. ते कोणासाठी उघडावे, हा विवेक मात्र तुम्हांस स्वतःच कमवावा लागेल.