छकडा हलका झाला, बैलाचं काय?
सरळ पट्टा आणि सेकंदांचा हिशेब आला की वाहनाच्या अंगावरचं ओझं उतरतं. अमेरिकेतल्या जुन्या ड्रॅग रेसिंगवाल्यांनी मोटारींचे मडगार्ड, बॉनेट काढून टाकले. आपल्या शंकरपटातल्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीतल्या, छकड्यावरूनही माल भरायचा साटा गेला, उरलं जू, दांड्या, दोन चाकं आणि हाकणाऱ्याला टेकण्यापुरती जागा. या शर्यतींना कायद्याचा आधारही मिळाला: १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राचा बैलगाडी शर्यतींचा कायदा वैध ठरवला. शर्यतीमुळे देशी गोवंश टिकतो, असं समर्थक म्हणतात. चपळ खिल्लारपुरतं ते पटतं. पण नांदेडची लाल कंधारी ओढकामाची, लातूरची देवणी दूध आणि ओढ दोन्हींची. त्या जाती पटावर नव्हे, औताला जुंपून घडल्या. म्हणून या भागातला पैसा बक्षिसांआधी पैदाशीवर लागावा.