मोडीत न गेलेल्या अंगठ्या

ज्या जिल्ह्यातील खामगावाला लोक रजतनगरी म्हणतात आणि जेथील चांदीच्या शुद्धतेची ख्याती विदर्भाच्या सीमा ओलांडून गेली आहे, त्या बुलढाणा जिल्ह्यात राहून पितळेच्या, गिलिटाच्या आणि काचखड्यांच्या जुन्या अंगठ्या जमवण्याचा छंद कोणी बाळगावा, हे पुष्कळांना विपरीत वाटते. हाती असलेला पैसा खऱ्या जिनसेत घालावा, खोट्यात का घालवावा, असा त्यांचा रोखठोक सवाल असतो. या छंदाने मला अपार आनंद दिला आहे, आणि त्या आनंदापलीकडेही त्याला एक प्रयोजन आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

सोन्याचांदीच्या दागिन्याचे मूल्य त्याच्या धातूत असते, आणि नेमके तेच मूल्य त्याच्या रूपाच्या मुळावर येते. मुलीचे लग्न निघाले, पावसाने दगा दिला, शेताच्या बांधावरून कज्जा उभा राहिला, की कपाटातील डबा सराफ्यात जातो. दागिन्याची मोड होते, मुशीत तो आटतो, आणि आजीच्या वेढण्याचे आईच्या कानातले व आईच्या कानातल्याची नातीची साखळी होत होत घराण्यातले सोने टिकते, परंतु त्यावर कारागिराच्या हाताने उमटवलेले एकही पान, एकही वेल शिल्लक राहत नाही. खोट्या अंगठीवर हा प्रसंग सहसा ओढवत नाही. तिची मोड घ्यायला सराफ तयार नसतो, म्हणून ती फडताळात, बटणांच्या डब्यात, देवघराच्या खणात पडून राहते, आणि साठ वर्षांपूर्वी सामान्य स्त्रीच्या बोटावर कोणती नक्षी शोभत होती याचा पुरावा, जो सराफ्याच्या दप्तरात सापडणार नाही, तो ती जतन करते.

साठ वर्षांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. 1963 च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी झाले, चौदा कॅरटांहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली, आणि पिढीजात सुवर्णकारांच्या असंख्य कुटुंबांवर बेकारीचे संकट कोसळले. पुढे 1968 मध्ये त्या नियंत्रणाचा स्वतंत्र कायदाच झाला आणि तो 1990 मध्ये रद्द होईपर्यंत अमलात राहिला. मुलाम्याच्या दागिन्याला प्रतिष्ठित घरांतून उजळ माथ्याने प्रवेश मिळाला तो या कालखंडात, अशी माझी समजूत आहे. आज सोने तोळ्याला लाखाच्या पलीकडे गेले असताना तीच प्रक्रिया पुन्हा आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे.

काचेच्या खड्याची कुळी त्याहून जुनी आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये स्ट्रास नावाच्या रत्नकाराने शिसेमिश्रित काचेचे खडे हिऱ्यासारखे चमकवून दाखवले. बोहेमियातील याब्लोनेत्स, ज्याला जर्मन भाषक गाब्लोन्झ म्हणत, तेथील काचमणी आणि बांगड्या हिंदुस्थानच्या बाजारांत उतरत असत. जलंबहून खामगावला 1870 मध्ये जो लोहमार्ग आला तो वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. परंतु परतीच्या वाघिणींतून असला रंगीत परदेशी मालही थोडाफार आला असेल, असे अनुमान केल्यास ते अवास्तव ठरू नये.

माझ्या संग्रहातील अंगठ्यांपैकी सर्वांत मोलाच्या मला कोणत्या वाटतात, असे विचाराल तर ज्यांच्या मागील बाजूस दोरा गुंडाळलेला आहे त्या. सैल अंगठीला दोरा गुंडाळून ती बोटाला घट्ट करण्याची आपल्याकडील स्त्रियांची जुनी रीत आहे. कणकेने, हळदीने आणि तेलाने तो दोरा कालांतराने इतका कठीण होतो की धातूचाच एक भाग वाटू लागतो. त्यावरून कळते की ही अंगठी दुसऱ्या कोणाच्या मापाची होती, सासूची असेल, थोरल्या जावेची असेल, आणि ती बारीक बोटांच्या एका स्त्रीकडे आली, जिने ती हातातून न काढता वर्षानुवर्षे संसार केला. दुसऱ्या काही अंगठ्यांत काचेखाली शेगावच्या गजानन महाराजांची छबी बसवलेली आहे. तिसऱ्या प्रकारात मागे फट ठेवलेली, म्हणजे कोणत्याही बोटाला दाबून बसवता येणारी, जत्रेतली अंगठी येते, आणि लहान मुलीच्या पहिल्या दागिन्याचा मान बहुधा तिचाच असतो.

अंगठीचे महत्त्व तिच्या वजनावरून ठरत नाही, हे आपल्या प्राचीन साहित्यकारांनी पुरते ओळखले होते. दुष्यंताला शकुंतलेचे स्मरण होते ते माशाच्या पोटात सापडलेल्या अंगठीमुळे. ‘मुद्राराक्षसा’त चंदनदासाच्या घरात दडलेली राक्षसाची पत्नी बाहेर धावणाऱ्या बालकाला आवरू पाहते, पुरुषाच्या बोटाच्या मापाची अंगठी तिच्या बोटातून निसटून गडगडत चाणक्याच्या हेराच्या पायाशी येते, आणि त्या अंगठीच्या शिक्क्याने एका बलाढ्य पक्षाची वाताहत होते. नांदुऱ्याला महामार्गावरून जाताना 105 फुटी मारुतीचे दर्शन घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की अशोकवनात या दूतावर सीतेचा विश्वास बसला तो रामाच्या मुद्रिकेमुळे. यांपैकी एकाही ठिकाणी सोने किती तोळे होते, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

या अंगठ्या मिळवायला दूर जावे लागत नाही. होळीच्या सुमारास भरणारी सैलानी बाबांची यात्रा, देऊळगाव राजाच्या बालाजीची आश्विनातील यात्रा, गावोगावचे आठवडी बाजार, जुन्या कटलरी दुकानांतील न खपलेल्या मालाचे खोके आणि भंगाराची दुकाने, एवढी क्षेत्रे पुरेशी आहेत. मुलामा प्रथम तळहाताकडील बाजूस झिजतो, म्हणून अंगठी उलटी करून पाहावी. तेथे खालचे पितळ उघडे पडले असेल तर ती वापरातली आहे असे समजावे. हिरवे जंगाल दिसले म्हणून चिंचेने घासण्याचा मोह टाळावा, कारण त्याने उरलासुरला मुलामाही निघून जातो. आणि पाणी तर लावूच नये, कारण खड्यामागील चकाकता वर्ख ओलाव्याने काळवंडला की काच कायमची निस्तेज होते. कोरडे मऊ फडके पुरते.

पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती असल्या नित्याच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या म्हणून आज त्यांच्या संग्रहालयात महाराष्ट्राचा घरगुती इतिहास डोळ्यांनी पाहता येतो. आपल्या जिल्ह्यातील तालुक्यांच्या ठिकाणच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी त्याच धर्तीवर एखादे लहान काचकपाट अशा खोट्या दागिन्यांसाठी राखून ठेवावे, आणि प्रत्येक अंगठीसोबत ती कोणत्या गावची, कोणत्या यात्रेत घेतलेली, कोणत्या निमित्ताने बोटात आलेली, याची चिठ्ठी ठेवावी. या गोष्टी ज्यांना सांगता येतील त्यांतील पुष्कळ स्त्रिया आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून यंदाच्याच यात्रांच्या मोसमात हे काम हाती घ्यावे, अशी ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना माझी आग्रहाची विनंती आहे.