गाणं मस्त, फक्त देव वगळून!

"हार्मनी ऐक रे फक्त. ते जीझस वगैरे सोडून दे."

टेक ६ चं नाव निघालं की आपल्यासारख्या लोकांत हे वाक्य कुणीतरी टाकतंच. आपल्यासारखे म्हणजे कोण? पुण्या-बंगळूरच्या क्युबिकलमध्ये बसणारे, महागडे हेडफोन घेणारे, एखाद्या सिनियरच्या नादाने जॅझ ऐकायला लागलेले. वाक्य टाकणाऱ्याला वाटतं की आपण फार मोकळ्या मनाचे आहोत. देवाधर्माच्या पलीकडे जाऊन आपण शुद्ध कला ऐकतो म्हणे! मला हे वाक्य मोकळ्या मनाचं अजिबात वाटत नाही. आळशी वाटतं, आणि थोडं उद्धटही. का, ते सांगतो.

आधी ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी. टेक ६ म्हणजे सहा काळे अमेरिकन गायक. अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलला ओकवुड नावाचं सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चचं कॉलेज होतं, आता ते विद्यापीठ आहे. तिथे १९८० मध्ये क्लॉड मॅकनाइटने चार जणांचा ग्रुप जमवला. पुढे माणसं वाढली, नावं बदलली आणि १९८८ मध्ये 'टेक ६' याच नावाचा पहिला अल्बम आला. अख्ख्या अल्बममध्ये एकही वाद्य नाही. बास, ड्रम, ट्रम्पेट सगळं तोंडाने. आल्विन चीचा खर्ज पहिल्यांदा ऐकलात तर खात्री पटत नाही की हा माणसाचा गळा आहे.

आपल्या कानाला यात नवीन काय आहे? आपल्याकडे समूहगान म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच चाल म्हणायची. इथे सहा जण एकाच क्षणी वेगवेगळे सूर लावतात. साध्या प्रार्थनागीतातला कॉर्ड म्हणजे सा-ग-प. गोड, सुरक्षित. जॅझवाला त्यावर नि चढवतो, त्यावर वरच्या सप्तकातला रे, मग ध. आता सा आणि नि एकमेकांना घासतात, आणि त्या घासण्यातूनच एक रंग येतो. पियानोवर हे करायला दहा बोटं आहेत. सहा गळ्यांनी, इतक्या जवळजवळच्या सुरांत आणि कुणीही न घसरता करणं म्हणजे काय ते गाणाऱ्यांना विचारा.

तर हार्मनी अफाट आहे, यात वादच नाही. वाद पुढे आहे.

"शब्द सोडून दे" म्हणणारे असं धरून चालतात की शब्द म्हणजे गाण्यावरचं वेष्टन, काढून फेकलं तरी आतला माल तोच राहतो. आता याच अल्बममधलं 'मेरी' घ्या. मूळ जुनं स्पिरिच्युअल, म्हणजे गुलामगिरीच्या काळातल्या काळ्या लोकांचं भक्तिगीत. त्यात बायबलमधल्या मेरीला सांगितलंय की रडू नकोस, कारण फॅरोचं सैन्य समुद्रात बुडालं. इजिप्तमध्ये गुलाम असलेले ज्यू निसटले, पाठलागावर आलेलं सैन्य बुडालं, ही ती गोष्ट. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. त्याआधी कापसाच्या शेतात राबणारा गुलाम मालकाच्या कानावर पडेल अशा आवाजात "फॅरो बुडाला" म्हणत असेल, तर तो कुणाबद्दल बोलत होता? तीच गोष्ट 'गेट अवे, जॉर्डन'ची. जॉर्डन नदी म्हणजे मरणाचा काठ, आपल्या संतांच्या पैलतीरासारखा. पण स्पिरिच्युअल्समध्ये त्या नदीला दुसराही अर्थ होता. ओहायो नदी ओलांडली की पलीकडे गुलामगिरी नसलेली राज्यं. एकाच शब्दात मोक्षही आणि पळून जाण्याची वाटही.

हे सगळं 'सोडून' देऊन तुम्ही नक्की काय ऐकता? कॉर्ड. रिक्वायरमेंट न वाचता कोड रिव्ह्यू करण्यासारखं आहे हे. सिंटॅक्स सुंदर आहे म्हणायचं आणि प्रोग्रॅम करतो काय याचा पत्ता नाही.

यावर हमखास येणारं उत्तर, "अरे पण मी नास्तिक आहे." असा ना बाबा! कोण नको म्हणतंय? विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतोय ऐका. समोरचा माणूस काय म्हणतोय ते समजून घेऊन "मला हे पटत नाही" म्हणणं वेगळं, आणि तो बोलत असताना त्याच्या आवाजाची फक्त पट्टी मोजत बसणं वेगळं. पहिल्यात मान आहे. दुसऱ्यात समोरचा माणूसच गायब. भीमसेन जोशींचे अभंग ऐकणाऱ्या कितीतरी नास्तिकांना विठ्ठल कोण, तो विटेवर का उभा आहे, तुकाराम त्याच्याशी का भांडतात हे पक्कं माहीत असतं. म्हणून तर तो अभंग त्यांच्यापर्यंत पोचतो. मग टेक ६ लाच वेगळा न्याय काहून बा?

आता या प्रकरणातली खरी गंमत. ज्या दोन गोष्टींची तुम्ही वजाबाकी करता, त्या एकत्र ठेवण्यासाठीच तर या सहा जणांनी आपलं सगळं पणाला लावलं. अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चने १९७२ मध्ये संगीताबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. त्यात जॅझ आणि रॉक हे प्रकार चर्चच्या उद्देशाशी न जुळणारे म्हणून स्पष्ट नोंदवले होते. आणि हे सहा जण त्याच चर्चच्या कॉलेजातले. त्यांना दोन सोप्या वाटा होत्या. चर्चला खूश ठेवायचं तर सा-ग-प वर थांबायचं. जॅझच्या बाजारात जायचं तर येशूचं नाव काढून प्रेमगीतं गायची. त्यांनी दोन्ही नाकारलं. कॉर्ड जॅझचे, शब्द प्रार्थनेचे, आणि दोन्हीत तडजोड नाही. १९८९ च्या ग्रॅमीत या गटाला गॉस्पेल विभागातलाही पुरस्कार मिळाला आणि जॅझ गायनाचाही. म्हणजे दोन्ही दारं उघडली ती दोन्ही सामान हातात धरून ठेवल्यामुळे. आता आपण घरात बसून त्यातलं एक सामान कचऱ्यात टाकायचं आणि स्वतःला रसिक म्हणवून घ्यायचं!

आणि हा झगडा काही त्यांनी सुरू केलेला नाही. थॉमस डॉर्सी आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूजचा पियानो वाजवायचा. १९३० च्या सुमारास त्याने तोच ब्लूज शिकागोच्या चर्चमध्ये नेला, तेव्हा कितीतरी चर्चनी त्याला दारातूनच परत पाठवलं. बारमधलं संगीत देवापुढे नको, हे कारण. आज त्याच डॉर्सीला गॉस्पेलचा जनक म्हणतात. 'शुद्ध भक्तिसंगीत' नावाची जी चीज आपण मनात धरून बसतो, ती बहुतेक वेळा आदल्या पिढीची भेसळच असते.

आता तुम्ही म्हणाल, अलाबामाचं पुराण कशाला लावलंय? मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे, म्हणून लावलंय.

आमच्या यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशन ब्रिटिश काळापासून आहे. या फ्री मेथडिस्ट पंथाची गंमत ऐका. १८६० मध्ये अमेरिकेत तो निघाला तेव्हाच गुलामगिरीला त्याचा विरोध होता, आणि उपासनेत वाद्यांनाही! नुसत्या गळ्याने गायचं. वाद्यांवरची ही बंदी उठायला १९४३ उजाडलं. म्हणजे ज्याला आज आपण 'अकापेला' म्हणून हेडफोनवर ऐकतो, त्या बिनवाद्याच्या उपासनेचा आग्रह धरणाऱ्या पंथाची माणसं आमच्या कापसाच्या गावात केव्हाच येऊन राहिली होती. युनियन बिब्लिकल सेमिनरी हे देशातलं नावाजलेलं ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं विद्यालय १९५३ मध्ये यवतमाळलाच सुरू झालं आणि तीस वर्षांनी, १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीत गेलं. आमच्या पिढीतल्या किती यवतमाळकरांना हे माहीत आहे? टेक ६ च्या सहाही जणांची नावं पाठ, पण आपल्याच गावातल्या चर्चमध्ये रविवारी काय गातात ते एकदाही ऐकलेलं नाही.

काय गातात? मराठी भजनं गातात. तबला, पेटी, टाळ घेऊन. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर आयुष्यभर ख्रिस्ताची गाणी अभंगांत, भजनांत लिहिली, कीर्तनं केली. आपण तुकारामांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते मानायचे. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपण थोर मराठी पुस्तक म्हणून मिरवतो, पण टिळकांची भजनं जिथे आजही गायली जातात त्या 'उपासना संगीता'चं पान आपल्यातल्या किती जणांनी उघडलंय? जे डॉर्सीने ब्लूजचं केलं, जे टेक ६ ने जॅझचं केलं, ते टिळकांनी अभंगाचं केलं. स्वतःच्या मातीचा सूर घेतला आणि त्यात आपला देव गायला.

पण अलाबामाचा येशू चालणाऱ्या आपल्या मंडळींना शेजारचा येशू चालत नाही. तिकडचा तो 'सोल', इकडचा तो 'मिशनरी प्रचार'. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (आताचं धाराशिव) ९३ वं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचा माणूस, जन्मभर मराठीत लिहिलं, अख्खं बायबल सुबोध मराठीत आणलं. तरी ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काही मंडळींनी विरोध केलाच. २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. त्या विरोधकांशी माझं भांडण आहेच, पण निदान शब्द ऐकून ते भांडत होते. आपण मात्र हेडफोन लावून बसलो होतो. आपल्याला देव फक्त एका अटीवर चालतो, तो न कळणाऱ्या भाषेत आणि पुरेसा लांब असला पाहिजे.

हे फक्त ख्रिस्ती भजनांबद्दल आहे असं समजू नका. तुकडोजी महाराजांचं (१९०९–१९६८) खंजिरी भजन आमच्या भागात गावोगावी आहे. हातात एक खंजिरी, आणि भजनातून ग्रामसफाई, व्यसन, अस्पृश्यता सगळ्यावर बोलणं. १९५५ मध्ये ही खंजिरी जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत पोचली. पण सुट्टीत गावाकडे गेलेल्या आपल्या इंजिनियरला ते भजन म्हणजे 'कटकट' वाटते. लाउडस्पीकर रात्री बंद झाला पाहिजे हे मला शंभर टक्के मान्य आहे, तो कायदाच आहे. पण तुमची तक्रार डेसिबलची आहे की भजनाची, हे एकदा स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. कारण तीच खंजिरी उद्या कुठल्या तरी फ्यूजन बँडने परदेशी लेबलवर वाजवली, की तुम्हीच लिंक फॉरवर्ड करणार आहात :-)

हेडफोन हे फार सोयीचं यंत्र आहे. त्यातून माणसाचा आवाज येतो, माणूस येत नाही. त्याचा वाडा नाही, त्याची जात नाही, त्याचं दुःख नाही, त्याचा देव नाही. फक्त कॉर्ड. टेक ६ चं संगीत आभाळातून पडलेलं नाही. चर्चच्या बाकांवर लहानपणापासून गाऊन तयार झालेले कान आहेत ते. १८७१ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी, त्यातले बरेचसे स्वतः गुलामगिरीतून सुटलेले, कॉलेज वाचवायला गावोगाव स्पिरिच्युअल्स गात फिरले. तिथपासूनची ही रांग आहे. श्रद्धा वजा केली तर ती हार्मनी जन्मालाच येत नाही. तयार झालेलं फळ खायचं आणि झाडाला नावं ठेवायची, हा आपला रसिकपणा!

"मग काय, प्रत्येक गाण्याआधी अभ्यास करायचा का? गाणं म्हणजे करमणूक ना?" हो, करमणूक आहे. थकून आल्यावर 'अ क्वायट प्लेस' लावून डोळे मिटायला माझी काही हरकत नाही. ते गाणं आहेच शांत, ठाय लयीतलं. पण ते कशाबद्दल आहे माहीत आहे? धावपळीतून बाजूला होऊन प्रार्थनेला बसायच्या जागेबद्दल. कॉर्ड इतके सावकाश का सरकतात याचं उत्तर शब्दांत आहे. पाच मिनिटांत वाचून होतं. आपण एका एरर मेसेजसाठी चार-चार तास गुगल करतो, इथे पाच मिनिटं जड होतात?

तेव्हा एक करा. या शनिवारी 'मेरी' लावा, पण आधी शब्द वाचा. फॅरो कोण ते बघा. मग ऐका. नंतर कधी गावी गेलात तर एखाद्या रविवारी मिशनच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसा, किंवा खंजिरी भजनाला जा. आणि तिथेही शब्द ऐका. पटले नाहीत तर नाही म्हणा, मोठ्याने म्हणा, इथे येऊन माझ्याशी भांडा. पण ऐकायच्या आधीच निम्मं गाणं कापून टाकू नका.